शिक्षेची शेवटची तारीख

अंबाजोगाईच्या न्यायालयात मी गेली बावीस वर्षे फौजदारी वकिली करतो. माझ्याकडे पारधी समाजातला एक पक्षकार आहे. दरोड्याच्या गुन्ह्यात सात वर्षांची सक्तमजुरी पूर्ण भोगून तो हर्सूलच्या कारागृहातून बाहेर आला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरीही गणपती जवळ आले किंवा निवडणूक लागली की तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची नोटीस त्याच्या पालावर पोहोचते आणि चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, जामीनदार, ठाण्यातली हजेरी हे सारे पुन्हा सुरू होते. मागच्या खेपेला त्याने मला विचारले, “वकीलसाब, माझी शिक्षा संपली हे ठाण्याला कोन सांगनार?”

हा प्रश्न मनात असतानाच बार रूममध्ये एका तरुण सहकाऱ्याने वेगळाच विषय काढला. ऑस्ट्रेलियात दहशतवादाच्या गुन्ह्यातल्या माणसाला शिक्षा संपल्यावरही सोडत नाहीत, आपल्याकडेही तसा कायदा व्हायला हवा, असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला तिथल्या तिथे विरोध केला, पण माझी कारणे मलाच नीट मांडता आली नाहीत. ती इथे मांडतो.

ऑस्ट्रेलियाने २०१६ साली आपल्या फौजदारी संहितेत ही तरतूद घातली. दहशतवादाच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची मुदत संपत आली की सरकार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करते. हा माणूस बाहेर आल्यास पुन्हा तसाच गंभीर गुन्हा करण्याचा न स्वीकारता येण्याजोगा धोका आहे, याबद्दल न्यायाधीशांची उच्च कोटीच्या संभाव्यतेने खात्री पटावी लागते आणि त्याहून सौम्य कोणताही उपाय पुरेसा नाही हेही दिसावे लागते. त्यानंतर एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी स्थानबद्धता वाढवता येते. दरवर्षी तिचा फेरविचार होतो, मात्र मुदत संपल्यावर पुन्हा नवा आदेश काढण्याची मुभाही कायद्यात आहे. २०२१ साली यात देखरेखीच्या आदेशाची भर पडली. त्यात माणूस बाहेर राहतो, पण कुठे राहायचे, कुणाला भेटायचे, फोन कोणता वापरायचा हे न्यायालय ठरवून देते.

या कायद्याची खरी कसोटी लागली ती अब्दुल नासेर बेनब्रिका यांच्या प्रकरणात. मेलबर्नमध्ये दहशतवादी गट चालवल्याबद्दल त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. गटाने आखलेला हल्ला प्रत्यक्षात झाला नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये शिक्षा संपली आणि डिसेंबरमध्ये त्यांना आणखी तीन वर्षे आत ठेवण्याचा आदेश निघाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या हाय कोर्टाने, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, कायदा वैध ठरवला. या स्थानबद्धतेचा हेतू शिक्षा करण्याचा नसून समाजाचे रक्षण करण्याचा आहे, असा बहुमताचा युक्तिवाद होता. कायद्याच्या भाषेत हा फरक करता येतो, हे मी मान्य करतो. परंतु ज्या माणसाला त्याच तुरुंगात राहायचे आहे आणि घरच्यांना त्याच खिडकीतून भेटायचे आहे, त्याला या फरकाचा अर्थ समजावून सांगणे मला जमणार नाही.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयालाही तो अर्थ सहज पटला नव्हता. जर्मनीत शिक्षेनंतरची संरक्षक स्थानबद्धता जुनी आहे आणि ती केवळ दहशतवाद्यांपुरती नाही. डिसेंबर २००९ मध्ये या न्यायालयाने म्हटले की, नाव काहीही दिले तरी ती प्रत्यक्षात शिक्षाच आहे आणि म्हणून तिची मुदत मागाहून वाढवता येत नाही. पुढे ४ मे २०११ रोजी जर्मनीच्याच घटना न्यायालयाने बजावले की असे स्थानबद्ध आणि शिक्षा भोगणारे कैदी यांच्या राहणीत स्पष्ट अंतर हवे आणि पहिल्या दिवसापासून सुटकेच्या दिशेने उपचार हवेत. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण ती राज्यसंस्थेला स्वतःच्या शब्दाशी बांधून ठेवते. शिक्षा देत नाही असे म्हणता, तर ती शिक्षेसारखी दिसताही कामा नये.

माझ्या सहकाऱ्याच्या बाजूला वजन आहे, हे मी नाकारत नाही. लंडनमध्ये २९ नोव्हेंबर २०१९ रोजी फिशमाँगर्स हॉलमध्ये कैद्यांच्या पुनर्वसनावर कार्यक्रम सुरू होता. दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला उस्मान खान वर्षभरापूर्वी अटींवर सुटला होता, त्याच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा होता आणि गुप्तचर यंत्रणेची त्याच्यावर नजर होती. त्याच कार्यक्रमाला येऊन त्याने दोन तरुणांचा चाकूने जीव घेतला. दोघेही कैद्यांच्या पुनर्वसनाच्या कामाशी जोडलेले होते. देखरेख असूनही हे घडले. ज्यांची मुले गेली त्या आईवडिलांसमोर उभे राहून धोका नेमका मोजता येत नाही असे सांगणे कठीण आहे, पण तो खरोखरच मोजता येत नाही.

बेनब्रिका प्रकरणातच हे उघड झाले. कट्टरतेचा धोका आजमावण्यासाठी तिथे एक प्रश्नावलीवजा साधन वापरले जाते. त्याचा शास्त्रीय पाया कच्चा आहे, असे सांगणारा अहवाल सरकारच्याच खात्याने मागवला होता आणि तो २०२० मध्ये त्या खात्याच्या हाती आला होता. बेनब्रिका यांच्या वकिलांना मात्र तो त्या वेळी मिळाला नाही. एक वकील म्हणून ही गोष्ट वाचताना मला फार त्रास झाला, कारण घडलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात उलटतपासणीला काहीतरी ठोस हाती असते. न घडलेल्या गुन्ह्याच्या सुनावणीत तज्ज्ञाच्या अंदाजाखेरीज काहीच नसते, आणि त्या अंदाजाच्या मर्यादा सांगणारा कागदच दडून राहिला तर बचाव कशाच्या आधारावर करायचा? दहशतवादविरोधी कायद्यांवर लक्ष ठेवणारे ऑस्ट्रेलियाचे स्वतंत्र निरीक्षक ग्रँट डोनाल्डसन यांनी २०२३ मध्ये स्थानबद्धतेची तरतूद रद्द करावी अशी शिफारस केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बेनब्रिका एका वर्षाच्या कडक देखरेखीवर बाहेर आले.

आता आपल्याकडे. शिक्षा संपलेल्या दहशतवाद्यासाठी असा वेगळा कायदा भारतात नाही, म्हणून आपण मोकळे आहोत असा समज होऊ शकतो, पण परिस्थिती उलट आहे. संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातच प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा आहे. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने बारा महिन्यांपर्यंत आणि झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती अशांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या एमपीडीए कायद्यानेही तितकाच काळ माणसाला खटल्याविना आत ठेवता येते. आदेश न्यायाधीश काढत नाहीत. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा सरकार काढते. तो आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील लावण्याचा हक्क नाही. आधीच तुरुंगात असलेल्या माणसावरही, तो सुटण्याची खरी शक्यता असेल आणि सुटल्यावर तो पुन्हा तेच करील असे दाखवणारी सामग्री असेल, तर असा आदेश काढता येतो हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. ऑस्ट्रेलियात निदान पुरावा सरकारला द्यावा लागतो, तो खुल्या न्यायालयात तपासला जातो आणि कैद्याला वकील परवडत नसेल तर न्यायालय सरकारला खर्च सोसायला लावू शकते. त्यामुळे तिथला कायदा आणा म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, तिथल्या अटीही आणणार का?

या अटी नसल्या की काय होते, हे आपल्या भागाला चांगले ठाऊक आहे. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलेल्या एका माणसाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि कमाल मुदत लावायची तर तिची कारणे आदेशात दिसली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. त्या निकालाची प्रत मी माझ्या बॅगेत ठेवतो. पण दिल्लीपर्यंत जाणे किती जणांना शक्य आहे?

पारध्यांची आठवण तर याहून जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काय केले हे पाहिलेच नाही; तो पुढे काय करील हे त्याच्या जातीवरून ठरवून टाकले. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे हजेरी देत राहिली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, त्या दिवशी आपण विमुक्त दिन पाळतो. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. ‘धोकादायक’ हा शिक्का एकदा कागदावर आला की तो कुणावर मारायचा हे हळूहळू सैल होत जाते, हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

मराठवाड्यापुरता हा प्रश्न दूरचा नाही. २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१६ साली १२ जणांना दोषी ठरवले. काहींना आजन्म कारावास झाला, काहींना चौदा आणि काहींना आठ वर्षांची शिक्षा. मुदतीची शिक्षा झालेली माणसे आज ना उद्या आपल्याच गल्लीत परततात. त्यांच्यावर लक्ष असू नये असे मी म्हणणार नाही. विशिष्ट माणसाविरुद्ध विशिष्ट आणि ताजा पुरावा घेऊन पोलिसांनी सत्र न्यायाधीशांपुढे यावे, त्या माणसाला वकील मिळावा, अटी एका वर्षासाठी असाव्यात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सिद्ध कराव्यात, एवढी देखरेख मला मान्य आहे. पुन्हा तुरुंग मात्र मान्य नाही. त्यासाठी नवा गुन्हा आणि नवा खटलाच हवा. मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, घटनेनंतर एकोणीस वर्षांनी, निर्दोष सोडले आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. घडून गेलेल्या गोष्टीबद्दलही आपली यंत्रणा इतकी वर्षे एकमताला येत नसेल, तर अजून न घडलेल्या गोष्टीवर माणसाची वर्षे काढून घेण्याचा अधिकार तिच्या हाती द्यायला मी तयार नाही.

माझ्या पक्षकाराच्या चॅप्टर केसची, म्हणजे त्या बंधपत्राच्या प्रकरणाची, तारीख येत्या सोमवारी आहे. नोटिशीत ‘दखलपात्र गुन्हा करण्याची दाट शक्यता’ असे छापील शब्द आहेत आणि त्याखाली कारणाच्या रकान्यात हाताने लिहिलेला एकच गुन्हा रजिस्टर क्रमांक आहे. त्याच गुन्ह्याची सात वर्षे त्याने हर्सूलला काढली आहेत.