तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या लागतात, पण बीपीच्या

निर्वासितांच्या छावणीतल्या कामावरून रजेवर घरी आले की कुणीतरी विचारतंच, "तिकडे गोळी लागलेलेच पेशंट जास्त येत असतील, नाही?" परवा भिशीतल्या काकूंनीही विचारलं. म्हटलं, गोळ्या लागतात काकू, पण बीपीच्या.

मी नर्स आहे. २०१८मध्ये बांगलादेशात, कॉक्स बझारजवळच्या कुतुपालोंग छावणीत होते. ऑगस्ट २०१७पासून काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून पळून या भागात आले होते. सुरुवातीला त्यात गोळी लागलेले, भाजलेले होते, हे खरंच. मी पोचले तेव्हा मात्र रांगेत जुलाब, खोकला, खरूज, शुगर आणि दिवस भरलेल्या बाया. आणि घटसर्प! घशात राखाडी पडदा धरणारा तो आजार मी फक्त पुस्तकात पाहिला होता. बऱ्याच मुलांना म्यानमारमध्ये असताना लसच मिळाली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात माझी एक चूक झाली. एक बाई येऊन म्हणाली, "गा-लामानी." दुभाष्या बांगलादेशातल्याच चितगावचा. त्याची बोली रोहिंग्यांच्या बोलीला जवळची, पण तीच नव्हे. तो म्हणाला, "अंग गळालंय म्हणते." मी अशक्तपणा समजून लोहाच्या गोळ्या दिल्या. बाहेर रांग लावणारी रोहिंग्या स्वयंसेविका तिला हाताला धरून परत आत घेऊन आली. बाईला सकाळपासून जुलाब होत होते. शब्दशः अंग खाली जाणं, अर्थ जुलाब. आपल्या बाया "अंगावरून जातंय" म्हणतात, ते बाहेरच्या नर्सला काय कळणार? तसंच. बाईचे डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगातलं पाणी पार कमी झालेलं. मला ते आधी दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंसेविकेची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी. तिला कामावर रीतसर घेता येत नाही, निर्वासितांना तिथे तो हक्क नाही. स्वयंसेवक म्हणून थोडा भत्ता मिळतो. माझ्या मते आमच्या दवाखान्यातली त्या वर्षीची सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे ती खुर्ची. नवं मशीनही आलं होतं, ते बरेच दिवस खोक्यातच पडून होतं.

(दवाखान्याच्या आधी पाणी, हेही सांगते. माणशी दिवसाला किमान १५ लिटर, असा छावण्यांचा जागतिक निकष आहे. अंघोळ, स्वयंपाक, पिणं, सगळं त्यात. म्हणजे साधारण एक हंडा.)

काकूंना मग १९७१ची गोष्ट सांगितली. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, भारतात आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात सलाईन संपत आलं आणि माणसं जमिनीवर पडलेली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नळ लावलेल्या पिंपांत भरलं आणि पाजायचं काम नातेवाइकांकडे दिलं. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्याही खाली आले.

काकू म्हणाल्या, "म्हणजे मीठ-साखरेचं पाणी? ते तर मीही करते गं घरी."

हो ना, काकू.