रविवार, पाऊस आणि कलम ९

आज दुपारी धुणं वाळत घालायचं सोडून जपानच्या राज्यघटनेवरचा माहितीपट बघत बसले. आई दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा आली ती शेंगा सोलत शेजारीच बसली.

कलम ९ म्हणजे युद्धाचा कायमचा त्याग, आणि सैन्य बाळगायचं नाही. ३ मे १९४७ पासून लागू. त्यानंतर एका अक्षराचाही बदल नाही! आपल्याकडे शंभरावर घटनादुरुस्त्या झाल्या. तिथे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत आणि वर जनतेचं सार्वमत.

"मग त्यांच्याकडे सैन्यच नाही?" आईनं विचारलं. आहे की. १९५४ पासून 'स्वसंरक्षण दल' आहे, रणगाडे, पाणबुड्यांसकट. फक्त सैन्य म्हणायचं नाही. "म्हणजे उपासाला साबुदाण्याची खिचडी," आई म्हणाली. यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या महायुद्धात हरलेला जपान ताब्यात असताना अमेरिकनांनी १९४६ च्या फेब्रुवारीत आठवडाभरात मसुदा लिहिला, म्हणून ही घटना लादलेली आहे, असं बदल मागणारे म्हणतात. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण त्याच मसुद्यात बायकांना समान हक्क देणारं कलम बिआटे सिरोटा या २२ वर्षांच्या मुलीनं लिहिलं. बावीस!

मित्रदेशावर हल्ला झाला तरी या दलाला लढायची वाट मोकळी करणाऱ्या २०१५ च्या सुरक्षा कायद्यांविरुद्ध जपानच्या संसदेबाहेर छत्र्या घेऊन उभी राहिलेली गर्दी, त्यातली पांढऱ्या केसांची माणसं मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत. युद्ध पाहिलेले आता किती उरले असतील?

धुणं अजून बादलीतच आहे. बाहेर पाऊस.