नानांचा भाचा आणि एक शब्द

गेली अकरा वर्षं मी नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर बसून इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरं करते. खरेदीखतं, दाखले, करारनामे. एका शब्दापायी हात थांबला तो मागच्या मार्चमध्ये.

निफाड तालुक्यातले एक नाना आले. हातात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ओळीचं प्रिंट. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या द्राक्ष-आयातदारानं त्यांच्या भाच्याला 'हसलर' म्हटलं होतं. भाचा निर्यातीत नवखा, आणि नानांनी बागेतली सगळी थॉमसन द्राक्षं त्याच्या भरवशावर उधारीनं दिलेली होती. घरातल्या पोरानं मोबाइलवर अर्थ पाहिला: भामटा, ठक.

"ताई, एवढं मराठीत लिहून द्या. आजच पोलिसात जातो."

त्यांची भीती मला कळत होती. आमच्या जिल्ह्यात बाग खुडून नेलेला व्यापारी पुन्हा फोनच उचलत नाही, असं शेतकऱ्यांनी किती वेळा सोसलंय. पण भाषांतराखाली सही माझी असते. म्हटलं, "नाना, एका ओळीवर लिहिणार नाही. आख्खा संदेश मागवा."

तो येईपर्यंत मी त्यांना चहा दिला आणि जमेल तसं सांगत गेले. हा शब्द इंग्रजीत गेला तोच डच भाषेतून, म्हणजे त्या आयातदाराच्याच भाषेतून. मूळ अर्थ हलवणं, घुसळणं. तिथे आजही पत्ते पिसण्याला तसलंच क्रियापद वापरतात. इंग्रजीत मग त्याचा अर्थ धक्काबुक्की झाला, आणि गर्दीत धक्का देऊन खिसा मारणाऱ्याच्या साथीदाराला हसलर म्हणू लागले. मुद्दाम कच्चं खेळून पैज वाढवणारा, मग शेवटी गल्ला उचलणारा बिलियर्डवालाही हसलरच. देहविक्रय करणाऱ्यांनाही हेच म्हटलं गेलं. आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात झटून धंदा उभा करणाऱ्यालाही लोक कौतुकानं हेच म्हणू लागले. आज कॉलेज रोडवरची मुलं आपल्या प्रोफाइलवर अभिमानानं लिहितात तो हा अर्थ.

नाना म्हणाले, "म्हंजी चोरबी तोच आन् कष्टाळूबी तोच?"

मला आपला 'खटपट्या' आठवला. कौतुकानं म्हटला तर उद्यमी, नाक मुरडून म्हटला तर कारस्थानी. 'उद्योगी'चंही तसंच, आई "काय उद्योग करून ठेवलेस?" म्हणते तेव्हा ती शाबासकी देत नसते. अर्थ बोलणाऱ्याच्या सुरात असतो, आणि कागदावर सूर उमटत नाही. म्हणून तर आजूबाजूची वाक्यं लागतात.

संदेश आला. आयातदारानं लिहिलं होतं की या मुलानं तीन आठवडे रोज फोन केला, नमुने दोनदा पाठवले, दर पाडू दिला नाही. खरा हसलर आहे, याच्याबरोबर पुढेही काम करू. मी 'धडपड्या' लिहिलं आणि सही केली.

"मग पैसे येतील ना?"

ते कुठलाही शब्द सांगू शकत नव्हता, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. माल तिथे उतरतो, तपासणी होते, मग हिशोब लागतो. करार आणि जहाजाची कागदपत्रं बघा. नानांनी भाच्याला फोन लावला. तासाभरात तो पिंपळगावहून फाइल घेऊन आला, घामाघूम. आम्ही तिघांनी पान-पान वाचलं. उरलेल्या रकमेची तारीख एप्रिलची होती.

नानांनी माझा कागद घडी करून खिशात घातला आणि भाच्याला विचारलं, "जेवलास का?"