पाटणच्या डोंगरावरचा ओमेगा

चाळीसगाव सोडलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, तरी वारा अजून कढतच होता. चैत्री अमावास्या. डिकीत ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र, आणि 200 मिमीची लेन्स. मनात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ.

पाटणादेवीकडे, पाटण गावाला निघालोय म्हटल्यावर मित्र म्हणाले, दक्षिणेचा तारकागुच्छ टिपायला दक्षिणेलाच डोंगर असलेली जागा कशाला? पण डोंगरासाठीच तर निघालो होतो. मागच्या वर्षी सपाट रानातून प्रयत्न केला, तेव्हा क्षितिजालगतचे दिवे आणि नांगरटीची धूळ यांनी प्रत्येक फ्रेम पिवळट करून टाकली. इथे शहराचा उजेड पाठीशी, उत्तरेला राहतो आणि समोर अजिंठ्याच्या रांगेचा काळाकुट्ट कडा. गुच्छाची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे साडेसत्तेचाळीस अंश, म्हणजे पाटणहून तो फार तर 22 अंश वर येतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आबांच्या वावरात उभं राहून हात लांब केला आणि मुठीनं मोजलं, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश: डोंगर एक मूठ, गुच्छाची जागा दोन मुठी. मधे एक मूठ मोकळं आकाश. पुरे होतं.

बाजेवर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. मग उत्तरेला, जेमतेम वीस अंशांवर असलेल्या ध्रुवाशी ट्रॅकर जुळवला.

ओमेगा शोधायला चित्रा हा ठळक तारा पुरतो. चित्रा मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आली की हा गुच्छ जवळजवळ सरळ तिच्या खाली, तिच्यापासून 36 अंशांच्या अंतरावर असतो. त्रिशंकू हा आणखी दक्षिणेचा तारकासमूह डोंगराआड होता, त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. साडेअकराच्या सुमारास दुर्बिणीत एक फुगीर, दाणेदार ठिपका आला. तारा नाही हे लगेच कळतं. त्याला कडाच नसते. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीनं तो तारा म्हणूनच नोंदवला होता. 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून खगोलशास्त्रज्ञ हॅलेनं तो ताऱ्यापेक्षा वेगळा ओळखला. अंतर सुमारे 17 हजार प्रकाशवर्षं, तारे अंदाजे एक कोटी!

इतक्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा अडीच पटीहून जास्त हवेतून येतो, म्हणून एकाच लांब फ्रेमवर भिस्त ठेवली नाही. तीस-तीस सेकंदांच्या ऐंशी फ्रेम घ्यायचं ठरवलं. विसाव्या फ्रेमनंतर तारे जाडसर दिसू लागले. रात्र निवत होती, तसा फोकस सरकला होता. पहिल्या वीस टाकून दिल्या, स्क्रीनवर चित्रा मोठी करून रिंग केसभर फिरवली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. यापुढे दर पंधरा फ्रेमनंतर फोकस तपासणार.

कॅमेरा चालू असताना पाटणचाच शिलालेख आठवत राहिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे, शके 1128 ची. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो त्यामुळे, भास्कराचार्यांच्या काळी हाच गुच्छ इथून आणखी साडेचार अंश वर यायचा. त्या मठातल्या कुणा विद्यार्थ्यानं चैत्रात चित्रेखाली हा धूसर ठिपका पाहिला असेल का, या विचारानं अंगावर काटा आला.

दीडच्या सुमारास आबा उठून आले.

"दखायना का रे भो?"

मी स्क्रीनवर मधला भाग मोठा केला. कडेचे दाणे सुटे दिसत होते, थेट आत जाईपर्यंत. आबा बराच वेळ वाकून बघत राहिले, मग मान वर करून त्यांनी डोंगराच्या माथ्यावर तो ठिपका शोधला.