गुण असताना समाजशास्त्र कशाला?

पाहुणे, गावाकडची माणसे, माझ्या विद्यार्थ्यांचे पालक आणि मुलाखतीला बसलेले प्राध्यापकसुद्धा मला एकच गोष्ट विचारत आले आहेत: लातूरला राहून विज्ञान शाखेतून बारावी केली, गुणही चांगले होते, मग सगळे सोडून बीएला समाजशास्त्र का घेतले? विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेले असते. विज्ञान झेपले नसेल, नाहीतर एमपीएससीचा विचार असेल. दोन्ही खरे नाही. एमपीएससीचे उत्तर मात्र मी स्वतःच कितीतरी वर्षे देत राहिले, कारण ते दिले की पुढचा प्रश्न येत नसे आणि वडिलांनाही चारचौघांत सांगायला ते सोयीचे पडे. आता एकदा खरे काय ते सांगते.

मी बारावीत असताना धाकट्या काकांनी आत्महत्या केली. जमीन थोडी, तीही आजोबांच्या नावावर; शेजारचे एक रान काका बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करत आणि सलग दोन हंगाम सोयाबीन हातचे गेले होते. दिवसकार्य व्हायच्या आतच तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्यासाठी आले. ओसरीत सतरंजी टाकली होती. आजोबांनी आतून कापडी पिशवी आणली आणि तिच्यातले कागद एकेक करून त्यांच्यापुढे ठेवले: सातबारा, सोसायटीचे कधीच फिटलेले जुने खाते, बियाण्याच्या पावत्या आणि कृषी सेवा केंद्रातल्या उधारीच्या, पेन्सिलीने आकडे टाकलेल्या चिठ्ठ्या. बाकीचे पैसे गावातल्याच एकाकडून महिना शेकडा पाच रुपयांनी उचललेले होते आणि त्याचा कागद कुठेच नव्हता.

तलाठ्यांनी चिठ्ठ्या चाळून बाजूला ठेवल्या. “आबा, हे धरता येत न्हाई. बँकेची एखादी नोटीस हाय का, वसुलीची?”

“नोटीस कशाची येती, साहेब? रोज सांजच्याला दारात येऊन बसायचे.”

“ते खरं हाय, पण कागद पाहिजे.”

रोज सांजच्याला दारात येऊन बसणारा माणूस त्या वेळी ओसरीतच होता. साहेबांसाठी चहा त्याच्याच घरून आला होता आणि कप तोच पुढे करत होता. आजोबांनी त्याच्याकडे पाहिले नाही, नावही घेतले नाही. त्याचे पैसे अजून फिटायचे होते. काकू दाराआड बसून होती. तिला मुलांची नावे आणि वये विचारली, दुसरे काही विचारले नाही.

2006 च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला 1 लाख रुपये मदत मिळते. त्यासाठी जमीन कुटुंबातल्या कुणाच्या तरी नावावर असावी लागते, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते आणि त्याच्या वसुलीचा तगादा दिसावा लागतो. आमच्याकडे यातली जमीन तेवढी होती. काही महिन्यांनी प्रकरण अपात्र ठरल्याचे कळले. तलाठ्यांवर माझा राग नाही. त्यांना जेवढे विचारायला सांगितले होते तेवढे त्यांनी विचारले. पण पंचनाम्याचे ते रकाने कुणी ठरवले, ठरवताना कुणाचे कर्ज डोळ्यांपुढे होते आणि चहाचे कप पुढे करणाऱ्या माणसाला त्यात जागा का नव्हती, हे प्रश्न मी लातूरच्या खोलीवर जीवशास्त्राचे पुस्तक उघडून बसले तरी जात नसत. परीक्षा मी नीट दिली. नंतर औरंगाबादला जाऊन बीएला नाव घातले आणि घरात पुष्कळ दिवस कुणी माझ्याशी धड बोलले नाही.

समाजशास्त्राने मला लगेच काही दिले, असे मी म्हणणार नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम यांनी 1897 मध्ये आत्महत्येवर केलेला अभ्यास वर्गात शिकवला तेव्हा सरांनी आत्महत्येचे प्रकार लिहून दिले: अहंवादी, म्हणजे माणूस समाजापासून तुटल्याने होणारी; परार्थवादी, म्हणजे समूहासाठी केलेली; आणि प्रमाणकशून्य, म्हणजे जगण्याचे नेहमीचे नियमच ढासळल्याने होणारी. मी काकांना प्रत्येकात बसवून पाहिले आणि ते कशातच नीट बसेनात, तेव्हा मला या विषयाचाही संताप आला. इथेही रकानेच होते. पुढे वाचताना कळले की दुर्खिम यांची सगळी मांडणी युरोपातल्या सरकारी नोंदींवर उभी आहे आणि त्या नोंदी मुळात होतात कशा, हा आक्षेप नंतरच्या समाजशास्त्रज्ञांनीच घेतलेला आहे. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2014 च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात केली, तेव्हा माणसे तीच असली तरी शेतकरी आत्महत्यांचा आकडा बदलला. बटईने करणारा, सातबाऱ्यावर नाव नसणारा माणूस यात कुठे जातो, हे विचारायची रीत मला याच विषयाने शिकवली. ती दुसरीकडे शिकायला मिळाली असती, असे मला वाटत नाही.

आणि मराठवाड्यात तरी ‘समाजशास्त्र कशाला?’ हा प्रश्न इतक्या सहज विचारला जावा, याचे मला फार वाईट वाटते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून इथल्या माणसांनी 1978 च्या ठरावापासून 1994 च्या नामविस्तारापर्यंत वाट पाहिली, घरे जळालेली पाहिली, जीव गमावले. ते बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र शिकले होते आणि 1916 साली तिथल्या चर्चासत्रात त्यांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकून काय करणार, असे मला त्यांच्या जयंतीच्या कार्यक्रमातसुद्धा विचारलेले आहे.

इतके बोलल्यावर पोटापाण्याचेही सांगायला हवे. मी तासिका तत्त्वावर शिकवते. तास होतात तेवढेच पैसे मिळतात आणि उन्हाळ्यात तेही मिळत नाहीत. कायम जागेच्या एका मुलाखतीत माझ्या विषयावर दोन प्रश्न झाले आणि नंतर बाहेर एकाने, किती जमवता येतील, असे विचारले. बीएला नाव घालताना मला वाटत होते की एक दिवस मी काकूपुढे बसून, हे का झाले, ते तिला समजावून सांगेन. त्या मुलीशी मी आजही मनात भांडते. काकूला कारणे ठाऊकच होती, ती दाराआड बसून सगळे ऐकत होती. तिला त्या 1 लाखाची गरज होती, आणि ती अजूनही म्हणते, “तू डॉक्टर झाली असतीस तर घराला आधार झाला असता.” तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण त्या वेळी पुस्तक मिटून गप्प डॉक्टर व्हायला हवे होते, हेही मला पटत नाही.

यंदा काकूच्या मुलीची दहावी झाली. कुठल्या शाखेत जाऊ, असे तिने मला विचारले आणि मी तिला विज्ञान घे म्हणून सांगितले. या सल्ल्याने माझे वरचे सगळे म्हणणे खोटे पडते, असे तुम्हाला वाटेल. मला तसे वाटत नाही. मात्र ते कसे, हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेले नाही.