दिवसभराची एक ओळ

आज देवगडच्या घरी बसून मी कोडची एक ओळ बदलली. एकच. मोठ्या टेक कंपनीत असं होतं. आधी का बदलायची याचं टिपण, मग दोन सहकाऱ्यांचा रिव्ह्यू, मग टेस्ट. सगळं पास झालं तरी ती लगेच सगळ्यांपर्यंत जात नाही. आधी १ टक्का लोकांना, मग १० टक्के, मग हळूहळू बाकीच्यांना. मध्येच चुकांचा आलेख वाकडा दिसला की सगळं मागे. कोट्यवधी लोक वापरतात म्हटल्यावर हे हवंच, पण कंटाळाही तेवढाच येतो.

शेजारचे काका ओटीवर आले. "सकाळपासून बघतंय, तू नेमका करतंस काय?" सांगितलं. जरा वेळ गप्प. मग, "एका वळीचे इतके पैशे? माका पण लाव थंय!"

टीम दोन पिझ्झ्यांत जेवेल एवढीच असावी, असा अ‍ॅमेझॉनच्या बेझोसांचा नियम प्रसिद्ध आहे. आमच्या मीटिंगला दोन पिझ्झे प्रसादाला पुरले तरी खूप. (माणसं मात्र हुशार. शिकायला मिळतं, ते खोटं नाही.)

रात्री साडेनऊला सिएटलशी कॉल, तिकडे सकाळचे नऊ. नेमकी लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर तगला, पण कौलांवर पाऊस असा काही कोसळला की तिकडून विचारणा झाली, मागे कसला आवाज येतोय? म्यूट केलं. तसंही माझी पाळी आलीच नाही.