इंटरफिअर, इंटरव्हीन, मेडल... कुठं काय लिहायचं

हिंजवडीच्या कंपन्यांतले ऑनलाइन कॉल मी घरबसल्या बरेच ऐकते (नवऱ्याचे, कोथरूडच्या टू बीएचकेत कानावर पडतातच) आणि त्यात एक वाक्य हमखास येतं, सॉरी टू इंटरफिअर. म्हणणाऱ्याला एवढंच म्हणायचं असतं की तुमचं बोलणं चालू असताना मध्येच बोलतोय, सॉरी. पण त्याला इंटरप्ट म्हणतात. इंटरफिअर म्हणजे दुसऱ्याच्या कामात, निर्णयात हात घालणं, आणि तसं तर त्या बिचाऱ्यानं काहीच केलेलं नसतं.

मी ट्रान्सलेशन आणि एडिटिंग करते, ओळखीचे लोक मेल, तक्रारअर्ज तपासायला पाठवतात, आणि सगळ्यात जास्त घोळ याच शब्दांत दिसतो कारण तक्रार म्हटली की कोणीतरी कुठंतरी नाक खुपसलेलंच असतं. यातला प्रत्येक शब्द म्हणजे समोरच्यावर केलेला एक आरोप आहे, आणि तो नेमका केवढ्याचा आहे हे पत्र पाठवायच्या आधी माहीत असायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

मध्यंतरी एका ओळखीच्या वहिनींनी मुलाच्या स्कूल व्हॅनच्या काकांबद्दल शाळेला द्यायचं पत्र दाखवायला आणलं. तक्रार अशी की मुलांची भांडणं झाली की काका मध्ये पडतात, जागा बदलायला लावतात, एकदा ह्यांच्या मुलाला त्याची चूक नसताना मागच्या सीटवर बसवलं. आणि पत्रात वाक्य काय, तर द ड्रायव्हर इंटरफिअर्स विथ द चिल्ड्रन. मला वाचून धस्सच झालं. ब्रिटिश इंग्रजीत लहान मुलाच्या बाबतीत इंटरफिअर विथ म्हणजे लैंगिक चाळे करणं, तिकडं आडून सांगायची ती पद्धतच आहे. वहिनींना हे सांगितलं तर त्या घाबरल्याच, म्हणाल्या, "अहो पण ते इंटरफिअरच करतात ना!" मी म्हटलं, "करतात वहिनी, पण मुलांच्या भांडणात करतात. इथं विथ नको, इन लिहा, आणि पुढं भांडण हा शब्द आलाच पाहिजे." एका छोट्या शब्दानं त्या माणसाची व्हॅन बंद झाली असती, वर पोलीस आले असते ते वेगळंच. शेवटी आम्ही इंटरफिअर काढूनच टाकलं आणि काका नेमकं काय करतात, कुठल्या दिवशी काय झालं तेवढं साध्या वाक्यांत लिहिलं.

आणि गंमत बघा, त्याच काकांना विचारलं तर ते म्हणतील मी इंटरव्हीन केलं. कृती तीच. इंटरव्हीन हा मूळ लॅटिन शब्द, दोघांच्या मध्ये येणं एवढाच त्याचा अर्थ, त्यात चांगलंवाईट काही नाही, उलट बऱ्याचदा कौतुकच असतं. इंटरफिअरमध्ये 'तुमचा संबंध नव्हता' हे आलंच. आपल्याकडं पेपरात दोन्हीला हस्तक्षेप लिहितात म्हणून गोंधळ होतो. १९५४ च्या भारत-चीन पंचशील करारात एकमेकांच्या अंतर्गत कारभारात नॉन-इंटरफिअरन्स आहे, तर यूएनच्या चार्टरमध्ये कलम २(७) ला देशांच्या अंतर्गत बाबींबद्दलच शब्द आहे इंटरव्हीन, त्यामुळं रेषा अगदी पक्की आहे असंही नाही. कोर्टाची भाषा तर वेगळीच, खालच्या कोर्टाच्या ऑर्डरमध्ये 'इंटरफिअर करायचं कारण दिसत नाही' असं आपली हायकोर्टं सर्रास लिहितात, तिथं त्या शब्दाला अजिबात कडवटपणा नसतो.

मेडल (meddle, पदकवालं नव्हे) मात्र कुठंही गेलं तरी कडूच. जुन्या फ्रेंचमधला मिसळणं या अर्थाचा शब्द, मेडलीही त्यातलाच, आणि आपली ढवळाढवळ अगदी त्याच वाटेनं आलेली. सासूबाईंबद्दल मैत्रिणीशी बोलताना मेडल ठीक, पण सीनियरला मेल करताना प्लीज डोन्ट मेडल लिहिलं तर तुम्ही त्यांना तोंडावर लुडबुड्या म्हणालात. आपण मराठीत साहेबांना लुडबुड करू नका म्हणतो का? नाही ना, मग तोच कान इंग्रजीतही लावायचा.

जागेचं आलं की अजून वेगळे शब्द. शेजाऱ्यांचं चपलांचं स्टँड आधी दाराला लागून होतं, मग दोन कुंड्या आल्या, मग सायकल, आणि आता जिन्यात आडवं होऊन जावं लागतं, हे एन्क्रोच. हळूहळू सरकत येणं हा त्याचा जीव, महापालिकेच्या अतिक्रमण विभागातलं अतिक्रमण ते हेच. ट्रेसपास म्हणजे हक्क नसताना दुसऱ्याच्या मालमत्तेत शिरणं, आणि क्रिमिनल ट्रेसपास लिहिलं की थेट कायदाच आला, आधी आयपीसी ४४१, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३२९, आणि त्यात गुन्हा करायचा किंवा धमकवायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा हेतू असावा लागतो. चुकून दुसऱ्या विंगमध्ये शिरलेल्या डिलिव्हरीवाल्या पोराबद्दल कमिटीनं हा शब्द वापरू नये, प्लीज.

टॅम्पर म्हणजे छेडछाड, ती वस्तूंशी, पुराव्यांशी. वीजमीटर, सील, २०१८ ला केपटाऊनमध्ये ऑस्ट्रेलियानं सँडपेपर घासला तो बॉल.

उरला इंट्रूड, म्हणजे कुणाच्या खासगी गोष्टीत न बोलावता शिरणं, माझा सगळ्यात आवडता, कारण तो स्वतःबद्दल वापरता येतो. कुणाकडं वाईट घडलंय, फोन करावा की नको कळत नाही, अशा वेळी आय डोन्ट वॉन्ट टू इंट्रूड असं दोन ओळींच्या मेसेजमध्ये लिहिलं की समोरच्याला उत्तर न द्यायचीही मोकळीक मिळते. सॉरी टू डिस्टर्बनं ते होत नाही, ते झोपलेल्याला उठवताना ठीक आहे.